जेन एअरचे अपहरण

ज्या ग्रंथावर आपली भक्ती असते त्याची कोणी थट्टा केली म्हणजे मनात दोन भाव एकदम उभे राहतात. हा कोण टिकोजी लागून गेला आमच्या दैवतास हात लावणारा, असा एक राग. आणि याने हात लावला खरा, पण तो नेमका मर्मस्थानी लावला, असे एक कौतुक. पुष्कळशा विडंबनांच्या बाबतीत या दोहोंपैकी एक भाव लवकरच दुसऱ्यास जिंकतो आणि वाचकाचे मन निश्चिंत होते. परंतु क्वचित असेही एखादे पुस्तक हाती येते की, ते वाचून संपविल्यावर, किंबहुना दुसऱ्यांदा वाचून संपविल्यावरही, हा निकाल लागत नाही. जॅस्पर फोर्ड या ग्रंथकाराची ‘दि एअर अफेअर’ ही इंग्रजी कादंबरी आमच्यापुरती तरी या जातीची ठरली आहे. तिने आम्हांस पोट धरून हसविले आणि तिनेच आमच्या मनाला एक बारीकशी टोचणीही लावून ठेविली. ही टोचणी कसली, याचा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कादंबरी नवी नव्हे. ती २००१ साली प्रसिद्ध झाली; म्हणजे तिला आता सुमारे दोन तपे लोटली. ग्रंथकर्ता १९६१ साली लंडन येथे जन्मलेला. लेखक म्हणून नाव होण्यापूर्वी तो चित्रपटांच्या धंद्यात कॅमेऱ्यामागे काम करीत असे. याच नायिकेवर त्याने पुढे एकामागून एक आणखी कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या मालेतील तिसऱ्या कादंबरीस २००४ साली, विनोदी ग्रंथांसाठी वुडहाउसच्या नावाने दिले जाणारे पारितोषिकही मिळाले. सारांश, लोकांनी त्याला मान्यता दिली आहे आणि आमच्या स्तुतीनिंदेवाचून त्याचे काही अडलेले नाही. तरीही आज हा विषय घेण्याचे कारण असे की, तरुण वाचकांच्या हातात हे पुस्तक अजूनही दिसते. आमच्या घरात ते शिरले तेही एका तरुण वाचकाच्याच हातून. ती हकीकत यथावकाश सांगू.

प्रथम कादंबरीतील सृष्टीची ओळख करून दिली पाहिजे. कारण ती आपल्या सृष्टीसारखी असूनही आपली नव्हे. काळ १९८५ चा, स्थळ इंग्लंडातील स्विंडन हे गाव. परंतु या इंग्लंडात क्रिमियाचे युद्ध अद्याप संपलेले नाही. रशियात झारचेच राज्य आहे. वेल्स हे स्वतंत्र प्रजासत्ताक होऊन बसले आहे. नामशेष झालेला डोडो पक्षी प्रयोगशाळेत पुन्हा निर्माण करून लोक तो घरात पाळतात. आणि गोलिअथ नावाची एक अवाढव्य कंपनी सरकारलाही आपल्या खिशात घालून वावरते. या सर्वांहून नवलाची गोष्ट ही की, या देशातील सामान्य जनतेला वाङ्मयाचे वेड आहे. आपल्याकडे क्रिकेटवरून जशी हमरीतुमरी होते तशी तेथे कवींवरून होते. रस्त्यांवर यंत्रे उभी केलेली आहेत. त्यांत नाणे टाकले की ती शेक्सपिअरची भाषणे म्हणून दाखवितात. शेक्सपिअरची नाटके वस्तुतः बेकनने लिहिली, हे मत पटवून देण्यासाठी काही मंडळी धर्मप्रचारकांप्रमाणे घरोघर हिंडतात. ज्ञानदेव आणि ज्ञानेश्वर हे एक की दोन, या वादाने एके काळी आपल्याकडे वृत्तपत्रांचे किती रकाने भरले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या चित्रातील खोच समजावून सांगण्याची गरज नाही.

असा देश म्हटला म्हणजे वाङ्मयाशी संबंधित गुन्हे आलेच, आणि गुन्हे आले म्हणजे पोलीसही आले. बनावट हस्तलिखिते, चोरलेल्या पहिल्या आवृत्त्या, यांचा तपास करणारे एक स्वतंत्र खाते तेथे आहे, आणि थर्स्डे नेक्स्ट ही आपली नायिका त्या खात्यात नोकरीस आहे. वय पस्तिशीच्या आसपासचे. क्रिमियाच्या रणभूमीवरून परतलेली. भाऊ तेथेच गमावलेला. ज्याच्यावर प्रेम होते तो लँडेन हा लढाईत एक पाय गमावून आला. परंतु त्या लढाईतील अनर्थाचा दोष त्याने चौकशीत तिच्या मृत भावाच्या माथी टाकला, म्हणून तिने दहा वर्षे त्याचे तोंड पाहिलेले नाही. तिचा चुलता मायक्रॉफ्ट हा विक्षिप्त संशोधक. त्याने असे एक यंत्र शोधून काढले आहे की, त्याच्या योगाने जिवंत माणसाला पुस्तकात शिरता येते आणि पुस्तकातील पात्राला बाहेर आणता येते. अकेरॉन हेडीज नावाचा एक अट्टल दुर्जन ते यंत्र आणि त्याच्या कर्त्याला पळवितो, आणि मायक्रॉफ्टची बायको पॉली हिला वर्ड्स्वर्थच्या डॅफोडिल फुलांवरील प्रसिद्ध कवितेत कोंडून ठेवतो. मग तो डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’चे मूळ हस्तलिखित हाती घेऊन त्यातील क्वेव्हर्ली नावाच्या एका किरकोळ पात्राला बाहेर ओढून ठार करतो, त्याबरोबर जगातील यच्चयावत प्रतींतून ते पात्र नाहीसे होते. आपण आज आपल्या कपाटातील ‘चझलविट’ उघडून पाहावे, तर हा गृहस्थ त्यात सापडत नाही! फोर्डचा विनोद कोणत्या जातीचा आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येईल. नसलेले पात्र नाही हे सिद्ध करून तो आपल्या गोष्टीला पुरावा मिळवितो.

डिकन्सच्या किरकोळ पात्रावर हात साफ केल्यावर हा दुर्जन मोठ्या शिकारीकडे वळतो. हॉवर्थ येथे ठेविलेले ‘जेन एअर’चे हस्तलिखित चोरीस जाते आणि साक्षात् जेनचेच अपहरण होते. आता मूळ कादंबरीचे निवेदन जेनच्या तोंडून आहे. ती गेली त्याबरोबर कथा बोलावयाची थांबते. देशभरातील वाचक पुस्तक उघडून पाहतात, तो त्या जागेपासून पुढची पाने कोरी!

ही कल्पना वाचताना आम्ही पुस्तक क्षणभर मिटून ठेविले. ‘जेन एअर’ १८४७ च्या ऑक्टोबरात लंडन येथे प्रसिद्ध झाली तेव्हा मुखपृष्ठावर शार्लट ब्राँटेचे नाव नव्हते. ‘करर बेल’ या टोपणनावाच्या व्यक्तीने संपादिलेले आत्मवृत्त, अशी तिची ओळख करून दिलेली होती. त्या कादंबरीवर आजवर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. तिच्यातील निसर्ग, तिच्यातील धर्मविचार, स्त्रीस्वातंत्र्य, थॉर्नफील्डच्या माडीवरचे रहस्य, यांवर विद्वानांनी खल केला आहे. परंतु त्या कादंबरीचे सारे बळ एका अनाथ, निर्धन, रूपाने सामान्य अशा मुलीने उच्चारलेल्या ‘मी’ या एका अक्षरात आहे, ही गोष्ट कोऱ्या पानांच्या या एका कल्पनेने जितकी चटकन पटते तितकी ती दहा प्रबंधांनी पटत नाही. ‘मी’ नाहीसा झाला की घर, मालक, आग, लग्न सारेच गेले. राहिला तो नुसता कागद. थट्टेच्या पोटात खरी टीका दडलेली असते ती अशी.

कादंबरीत आनंदाच्या जागा आणखीही आहेत. ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकाचा प्रयोग स्विंडनमध्ये दर आठवड्यास होतो. नटांची निवड प्रेक्षकांतून होते आणि उरलेले प्रेक्षक प्रत्येक वाक्याला ठराविक आरोळ्यांनी साथ देतात, हे प्रकरण तर अपूर्वच उतरले आहे. गोंधळाला किंवा तमाशाला जमलेला आपला प्रेक्षक ज्याने पाहिला आहे त्याला कळेल की, यात शेक्सपिअरचा उपमर्द नसून उलट त्याला त्याच्या खऱ्या प्रेक्षकांच्या स्वाधीन केले आहे. विद्यापीठांच्या बंद दालनांतून एका थोर नाटककाराला पुन्हा पिटात आणून बसविण्याचे हे कौतुक आम्हांस फार आवडले. पॉलीबाईंना कवितेच्या आत साक्षात् वर्ड्स्वर्थ भेटतो आणि तो म्हातारा कवी त्यांच्याशी लाडीगोडी करू लागतो, हाही प्रसंग हलक्या हाताने लिहिलेला आहे.

येथवर आम्ही स्तुतीच करीत आलो; आता दुसऱ्या बाजूकडे वळणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप अतिरेकाचा. ग्रंथकाराला कल्पना सुचतात त्या मुठीने नव्हे, सुपाने. आणि त्या पाखडण्याचा त्याला कंटाळा आहे. काळप्रवाहातून हिंडणारा थर्स्डेचा फरारी बाप, रक्तपिपासू पिशाचांची शिकार करणारा तिचा सहकारी, शब्द खाऊन विरामचिन्हे टाकणारे पुस्तकी किडे, गोलिअथ कंपनीची कारस्थाने, हे सर्व एकाच पंगतीत वाढलेले आहे. त्यांपैकी प्रत्येक पदार्थ वेगळा चाखला तर रुचकर लागेल. परंतु पुरणपोळीवर कोणी लोणच्याचा रस ओतला तर जेवणाराने दाद कशाला द्यावयाची? पिशाचांचे प्रकरण तर सबंध काढून टाकले तरी कथानकाचा एक दोराही निसटणार नाही.

दुसरा आक्षेप कोट्यांचा. पात्रांची नावेच मुळी कोट्या आहेत. नायिकेच्या प्रियकराचे पुरे नाव एका दमात उच्चारले की, पैसे लावून जागाजमिनी घेण्याचा जो सोंगट्यांचा इंग्रजी खेळ मुले खेळतात, त्यातील महागड्या जागेवर पाऊल पडल्याचे वाक्य तयार होते. गोलिअथच्या हस्तकाचे नाव तर चारचौघांत उच्चारण्यासारखे नाही. आम्ही गडकऱ्यांच्या वाचकांपैकी असल्यामुळे कोटी म्हटली की नाक मुरडणारे नव्हे. पण गडकऱ्यांच्या कोटीत बोलणाऱ्या पात्राचा स्वभाव पुष्कळदा उमटतो. फोर्डची नावे पात्राला जन्मतःच एकदा हसवून घेतात आणि मग आयुष्यभर त्याच्या गळ्यात घंटेसारखी वाजत राहतात. लँडेनचा गेलेला पाय, भावाच्या नावाला लागलेला काळिमा, दहा वर्षांचा अबोला, हा प्रसंग वस्तुतः करुण आहे आणि ग्रंथकाराने तो मनापासून लिहिला आहे. पण दर वेळी नाव वाचले की ती घंटा वाजते आणि डोळ्यांत येऊ पाहणारे पाणी जागच्या जागी थबकते.

हे दोन्ही दोष, म्हणावयाचे झाले तर, उत्साहाचे दोष आहेत, आणि पहिल्या कादंबरीच्या लेखकाला ते माफ करण्यास आम्ही तयार आहो. खरी टोचणी तिसऱ्या गोष्टीची आहे. ती गोष्ट अशी की, या कादंबरीत जेन एअरच नाही.

वाचकांस हे विधान विचित्र वाटेल. जेनचे अपहरण होते, तिच्यासाठी अख्खा देश हळहळतो, तिला सोडविण्यासाठी नायिका जिवावर उदार होऊन पुस्तकात शिरते, आणि तरी ती नाही असे कसे? पण वाचकांनी आठवून पाहावे की, या सबंध ग्रंथात जेन किती बोलते. रॉचेस्टर पुष्कळ बोलतो. तो थर्स्डेचा मित्र होतो, एकदा तर तिचे प्राणही वाचवितो. वाड्याचा खर्च भागविण्यासाठी तो पैसे घेऊन प्रवाशांना आपल्या कादंबरीची सैर घडवितो, हाही एक मौजेचा भाग आहे. जेन मात्र चोरीस गेलेल्या दागिन्यासारखी या हातातून त्या हातात जाते. गेट्सहेडच्या घरात मामीला तोंडावर सुनावणारी, लोवुडच्या शाळेत उपासमार सोसून उभी राहिलेली, श्रीमंत मालकासमोर आपल्या आत्म्याची बरोबरी सांगणारी ती मुलगी येथे ओलीस ठेविलेली एक मुकी वस्तू झाली आहे. ज्या ग्रंथकाराने ‘मी’ नाहीसा झाला की पाने कोरी होतात हे मर्म इतके अचूक ओळखले, त्यानेच आपल्या पुस्तकात त्या ‘मी’ला बोलावयास एक पान दिले नाही!

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. थर्स्डेही आपली गोष्ट स्वतःच सांगते. तीही रूपगर्विता नव्हे, तीही स्वाभिमानी आहे, तिचाही प्रियकर शरीराने अधू झालेला आहे. आणि त्याचे दुसरीशी लागत असलेले लग्न ऐन मुहूर्तावर वकिलाच्या हरकतीने थांबते, तेही मूळ ‘जेन एअर’मधील त्या प्रसिद्ध प्रसंगावरूनच. म्हणजे जेनचे मन, जेनचे प्राक्तन आणि जेनचा ‘मी’ हे तिन्ही थर्स्डेकडे गेलेले आहेत. हेडीजने पळविलेली जेन अखेर पुस्तकात परत येते. ग्रंथकर्त्याने पळविलेली मात्र परत येत नाही. आणि गंमत अशी की, हा उसना घेतलेला ‘मी’ त्याला नीट सांभाळताही आलेला नाही. थर्स्डे जेथे हजर नाही, जेथील बोलणे तिला ऐकू येणे शक्य नाही, असे प्रसंगही कादंबरीत बिनदिक्कत येतात. निवेदिका गेली की पाने कोरी, हा ज्या कथेचा पायाभूत नियम, तिच्यात निवेदिकेच्या पाठीमागे पाने भराभर भरली जावी, यापरता विरोधाभास कोणता?

आता शेवटाविषयी. फोर्डच्या त्या उलट्या जगात ‘जेन एअर’चा शेवट आपल्याला ठाऊक असलेला नाही. तेथील जेन रॉचेस्टरकडे परत जातच नाही. सेंट जॉन रिव्हर्स या आपल्या धर्मोपदेशक नातलगाबरोबर त्याची सहकारिणी म्हणून ती हिंदुस्थानात निघून जाते आणि ग्रंथ तेथेच संपतो. हा शेवट कोणालाच आवडत नाही. मूळ ग्रंथात सेंट जॉन जेनला हिंदुस्थानी भाषा शिकावयास लावतो हे ज्यांना आठवते, त्या आपल्यासारख्या वाचकांना येथे किंचित हसू येईल. इंग्रज वाचकाच्या दृष्टीने हिंदुस्थान म्हणजे नायिकेला नेऊन टाकण्याची जागा. तेथे ती पोहोचली की तिची गोष्ट संपली! असो. हेडीजशी झालेल्या झुंजीत थॉर्नफील्ड जळते, बर्थाचा अंत होतो, रॉचेस्टर आंधळा होतो. मग जेनने परत यावे म्हणून थर्स्डे एक युक्ती करते. रात्री जेनच्या खिडकीखाली जाऊन ती रॉचेस्टरच्या आवाजात तिच्या नावाने हाका मारते. जेन ती हाक ऐकते, निघते, आणि ग्रंथाला आपल्या ओळखीचा शेवट प्राप्त होतो.

युक्ती म्हणून ही उत्तम आहे, यात संशय नाही. दूर अंतरावरून प्रियकराची हाक ऐकू येणे हा मूळ कादंबरीतील दुवा पुष्कळ टीकाकारांना लंगडा वाटत आलेला आहे. त्याला फोर्डने मिस्किलपणाने टेकू दिला. परंतु त्या हाकेचे मूळ ग्रंथातील स्थान काय आहे? जेन त्या क्षणी सेंट जॉनच्या करारी इच्छाशक्तीपुढे जवळजवळ वाकलेली आहे. आणखी एक क्षण गेला असता तर तिने होकार दिला असता. तेवढ्यात ती हाक येते, आणि त्याबरोबर तिला तिचे स्वतःचे बळ परत मिळते. पुढे रॉचेस्टर सांगतो की, त्याच रात्री त्याने आपल्या एकांतात खरोखरच तिला हाक मारली होती आणि तिचे उत्तरही त्याला ऐकू आले होते. या दोन टोकांना जोडणारा दोर म्हणजे त्या दोघांचे एकमेकांवरील प्रेम. मध्ये तिसऱ्या माणसाला उभे राहावयास जागाच नाही. तेथे खिडकीखाली एक पोलीस अधिकारी आणून उभी केली की कोडे सुटते खरे, पण जेनचा निर्णय जेनचा राहत नाही. मूळ ग्रंथातील जेन स्वतःच्या अंतःकरणाची हाक ऐकून निघाली होती. येथील जेन फसवून परत आणलेली आहे, मग ती फसवणूक कितीही तिच्या कल्याणाची असो.

पूर्वसूरींच्या ग्रंथाचा शेवट बदलू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. भवभूतीने तो बदलला आहे. रामायणात सीता धरणीच्या पोटात जाते. ‘उत्तररामचरिता’त ती रामाला परत मिळते, आणि तीही कोठे? वाल्मीकीनेच रचलेल्या नाटकाचा प्रयोग राम पाहत बसलेला असताना. म्हणजे मूळ कवीलाच आपल्या नाटकात आणून त्याच्याच हातून त्याच्या काव्याचा शेवट फिरविण्याची युक्ती आपल्याकडे हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. परंतु भवभूतीने हा बदल का केला? सीतेवर झालेला अन्याय त्याला सोसवला नाही म्हणून. त्याच्या नाटकात राम रडतो, दगडांनाही पाझर फुटतो, आणि या सर्व दुःखाची किंमत मोजल्यावरच तो शेवट आपल्या हाती येतो. जवळच्या काळातील उदाहरण हवे असेल तर जीन ऱ्हीस या लेखिकेचे घ्यावे. तिने १९६६ साली ‘वाइड सारगासो सी’ लिहून, थॉर्नफील्डच्या माडीवर कोंडलेल्या त्या वेड्या बाईला तिचे बालपण, तिचे बेट आणि तिचा आवाज परत दिला. ती कादंबरी वाचल्यावर ‘जेन एअर’ पूर्वीसारखी वाचता येत नाही. पण ती त्यामुळे लहान झाली असेही वाटत नाही, उलट तिच्यात आजवर न उघडलेली एक खोली उघडली असे वाटते. फोर्डची बर्था मात्र छपरावरच्या झटापटीपुरती येते आणि पडते. त्याने मूळ ग्रंथाला प्रश्न विचारलेला नाही. त्याने त्याला कोडे घातले आणि आपणच ते सोडविले.

विनोदी ग्रंथाकडून एवढी अपेक्षा करणे हा अन्याय नव्हे काय, असे कोणी विचारील. आम्हीही स्वतःला हेच विचारीत होतो. या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुस्तकात नव्हे, घरात मिळाले, आणि ती हकीकत सांगण्याची हीच जागा आहे.

हे पुस्तक घरात आणले ते आमच्या पुतणीने. ती महाविद्यालयात शास्त्रशाखेत शिकते. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांची तिला फारशी गोडी नव्हती, आणि आम्ही वाढदिवसाला दिलेली ‘जेन एअर’ दोन वर्षे तिच्या कपाटात न फाडलेल्या वेष्टनात पडून होती. फोर्डची कादंबरी तिने दोन रात्रींत संपविली. जेवताना ती त्यातले प्रसंग सांगे आणि स्वतःच हसे. नंतर एके दिवशी पाहतो तो ते वेष्टन फाडलेले, आणि बाईसाहेब ‘जेन एअर’ घेऊन खिडकीत बसलेल्या! आम्हांस झालेला आनंद आम्ही बोलून दाखविला नाही. तरुण वाचकाच्या वाचनाला वडीलधाऱ्यांची दृष्ट लागते, असा आमचा अनुभव आहे. तीन आठवड्यांनी पुस्तक संपले. आम्ही सहज विचारले, “कशी वाटली?”

ती म्हणाली, “काका, फार आवडली. लोवुडमधली हेलन वारली तेव्हा मला रडू आले. पण एक गंमत सांगू? शेवटी जेनला ती हाक ऐकू येते ना, तेथे मला काहीच वाटले नाही. मला दिसली ती खिडकीखाली उभी असलेली थर्स्डे. मी हसले. तुम्हांला तेथे काय वाटले होते?”

आम्ही उत्तर द्यावयास गेलो आणि अडखळलो. आम्ही तिच्याच वयाचे असताना ते प्रकरण रात्री दिव्याखाली वाचले होते, आणि ती हाक वाचताना अंगावर सरसरून काटा आला होता. पुस्तक पालथे ठेवून आम्ही काही वेळ अंगणात जाऊन उभे राहिलो होतो. हे तिला सांगितले. ती लक्षपूर्वक ऐकत होती. मग म्हणाली, “मला तसे आता कधीच वाटणार नाही का?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

आमच्या टोचणीचे खरे कारण हे आहे. फोर्डच्या पुस्तकाने आमच्या घरात ‘जेन एअर’ला एक वाचक मिळवून दिला; जे आमच्या उपदेशाला आणि वाढदिवसाच्या भेटीला साधले नाही ते त्याच्या थट्टेला साधले. हेलनच्या मृत्यूवर त्या मुलीने गाळलेले अश्रू हे, न्यायाने पाहिले तर, फोर्डच्याच खात्यावर जमा केले पाहिजेत. पण त्याच पुस्तकाने तिच्याकडून त्या ग्रंथातील एक क्षण घेतला, आणि तो तिला मिळण्यापूर्वीच घेतला. ज्याने तो क्षण एकदा अनुभवला आहे त्याच्यापुढे खुशाल थट्टा करावी. त्याचे काही जात नाही, उलट त्याला जुन्या ओळखीचा आनंद मिळतो. आम्ही खिडकीखालची थर्स्डे पाहून हसलो ते याच कारणाने. विडंबनाचा सारा व्यवहार उधारीवर चालतो. मूळ ग्रंथाने वाचकाच्या मनात ठेवलेली ठेव विडंबनकार खर्च करीत असतो. ठेव असेल तर खर्च शोभतो. ठेव ठेवण्यापूर्वीच खर्च झाला तर नुकसान होते, आणि ते होते ते ग्रंथकाराचे नव्हे, वाचकाचे.

म्हणून आमचा अभिप्राय असा. ‘दि एअर अफेअर’ वाचावी. ज्या मनुष्याला डिकन्स, वर्ड्स्वर्थ, शेक्सपिअर ही नावे परीक्षेच्या कटकटीची वाटतात त्याने तर अवश्य वाचावी. वाङ्मय ही भांडण्यासारखी, वेड लागण्यासारखी, चोरून नेण्यासारखी वस्तू आहे, ही भावना तिच्या पानापानांत भरलेली आहे, आणि तिची आज गरज आहे. कोऱ्या पानांच्या त्या एका कल्पनेसाठी तरी ग्रंथकाराचे आभार मानले पाहिजेत. मात्र ज्यांच्या घरात वाचू लागलेली मुले आहेत त्यांनी, शक्य असेल तर, शार्लट ब्राँटेचे पुस्तक अगोदर पुढे करावे आणि हे मागून. आणि हा क्रम उलटा झालाच, जसा तो आमच्या घरात झाला, तर हळहळत बसू नये. जी मुलगी एका थट्टेचा माग काढीत एका जाडजूड जुन्या ग्रंथापर्यंत गेली, ती तो ग्रंथ पुन्हाही उघडील. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, थर्स्डेचा चेहरा पुसट झाल्यावर, एखाद्या रात्री तिला ती हाक ऐकू येईलही. तशी आमची आशा आहे. परवा ती वसतिगृहात परत गेली तेव्हा सामानात फोर्डची कादंबरी नव्हती; ती आमच्या टेबलावर राहिली आहे. ‘जेन एअर’ ती बरोबर घेऊन गेली.